म्हशीच्या दुधाला गाईची फॅट

माझ्या आईवर दुधात पाणी घातल्याचा आळ आला, तोही भर लायनीत. देवळाली प्रवराला आमच्या डेअरीवर संध्याकाळची गर्दी होती आणि क्लार्क सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "मावशी, म्हशीच्या दुधाला तीन पॉइंट सहा फॅट? पाणी जरा कमी घालत जा." उचलली जीभ लावली टाळ्याला! आमच्या म्हशीला सातच्या खाली फॅट कधी लागलेली नाही. वर चेअरमननी बजावलं, पुन्हा असं झालं तर तुमचं दूध बंद. आई भरला कॅन घेऊन घरी आली आणि न जेवता झोपली. सकाळचं दूध तिनं डेअरीवर नेलंच नाही.

मी शहरात, सावेडीत, एका ऑफिसात सर्व्हर सांभाळते. फोनवर हे ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रजा टाकली, स्कूटर काढली आणि तडक डेअरी गाठली.

तिथं नुकताच नवा कॉम्प्युटर बसवला होता. फॅटचं मशीन वायरीनं त्याला जोडलेलं, आकडा आपोआप स्क्रीनवर येणार. मी क्लार्कला सकाळचे आकडे दाखवायला लावले. सगळ्यांना तीन पॉइंट सहा. सगळ्यांना! गावातल्या यच्चयावत गाई एका रात्रीत एकसारखं दूध द्यायला लागल्या आणि या बाबाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाकी सगळे गाईवाले, त्यांना तो आकडा पटण्यासारखाच होता, म्हणून कोणी बोललं नाही. म्हैस फक्त आमची. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी मशीनची वायर उपटून हातात घेतली आणि त्याला म्हटलं, आता मोजा. स्क्रीनवर तीन पॉइंट सहा आले. क्लार्क माझ्या हातातल्या वायरीकडे बघत राहिला.

भानगड अशी होती. तो कॉम्प्युटर युनिक्सवर चालणारा, आणि युनिक्समध्ये जोडलेल्या प्रत्येक यंत्राची एक फाइल असते. तिच्यात काही साठवलेलं नसतं, ते नुसतं दार. त्यातून पलीकडचं यंत्र बोलतं. कंपनीनं डेअरीचा प्रोग्रॅम सुरक्षेच्या नावाखाली एका बंद कप्प्यात ठेवला होता आणि त्या कप्प्यात हे दार नव्हतं. मग पुण्याहून आलेल्या इंजिनिअर महाशयांनी काय करावं? बाहेरची फाइल आत कॉपी केली! अहो, दार कधी कॉपी होतं का? त्या घडीला मशीनमध्ये कोणाच्या तरी गाईचं दूध होतं. त्याचा आकडा साध्या फाइलीत उतरला आणि तिथंच चिकटला. प्रोग्रॅम बिचारा दरवेळी तोच वाचत होता.

मी ती खोटी फाइल पुसून खरी बनवायला गेले, तर उत्तर आलं, परवानगी नाही. त्या कप्प्यात मी सर्वाधिकारी, पण नावाची. यंत्राचं नवं दार बसवायचा हक्क कप्प्याबाहेरच्यालाच, म्हणजे कंपनीला. महाशयांना फोन लावला. ते म्हणाले, मॅडम, ते सिक्युरिटीसाठीच बंद आहे, तक्रार नोंदवा, पुढच्या आठवड्यात बघू. म्हणजे तोवर माझी आई चोर! मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्यांनी पुण्यात बसून मशीनचं खरं दार त्या कप्प्यात जोडून देईपर्यंत मी त्यांना फोन ठेवू दिला नाही.

संध्याकाळी आई कॅन घेऊन लायनीत उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर क्लार्क खालच्या आवाजात म्हणाला, मशीनमध्ये बिघाड होता, मावशी, सोडून द्या आता. आईनं कॅनच्या झाकणावरचा हात काढला नाही.

"काल मोठ्यानं बोल्ला हुतास," ती म्हणाली. "आज बी मोठ्यानंच सांग. माझ्या दुधात पानी हुतं का?"

क्लार्कनं चेअरमनकडे बघितलं, चेअरमननी भिंतीकडं. शेवटी तो पुटपुटला, नव्हतं.

"मागच्यांना ऐकू न्हाई आलं."

मग तो ओरडला, कालच्याइतक्याच मोठ्यानं. तेव्हा कुठं आईनं झाकण उघडलं.