दुसऱ्याच्या ओळीत माझी सही

माझे डोळे एकदम गेले नाहीत. एकदम गेले असते तर निदान लपवायचा खटाटोप तरी वाचला असता. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि चाळिशी उलटेपर्यंत समोरचंही एवढंसंच उरलं की भिंग धरलं तर कागदावरची एका वेळी दोन अक्षरं दिसायची. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले, औषध नाही. घरात सगळ्यांना सांगितलं. ऑफिसात मात्र मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तलासरीत तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावक सांभाळत होते. आलेला कागद नोंदवायचा, जाणाऱ्या कागदावर क्रमांक घालायचा. रोज डहाणूहून सकाळची एसटी पकडायची. काम हातात बसलेलं होतं, पण वाचायचं कसं? मग मी कागद घेऊन रेकॉर्ड रूममध्ये जायचे, मोबाइलने फोटो काढायचे आणि इयरफोन कानात घालायचे. मोबाइल वाचून दाखवायचा. या बाई सारख्या आत जाऊन कोणाशी बोलतात, अशी कुजबुज सुरू झाली होती. होऊ दे म्हटलं, काय समजायचं ते समजा! भीती एकच होती, कळलं की घरी बसवतील. माहेरी-सासरी सरकारी नोकरी असलेली मी एकटी बाई. ती गेली तर माझ्यात काय उरतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

अंगठ्याचं मशीन कधी नेट नाही म्हणून बंद, कधी लाइट नाही म्हणून बंद, त्यामुळे आमची हजेरी मस्टरवर सही करूनच चालायची. आमचे शिपाईकाका सकाळी मस्टर उघडून ठेवायचे आणि मी पोचले की पट्टी बरोबर माझ्या ओळीखाली सरकवायचे. सगळ्यांसाठीच सरकवत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. जुलै लागताच काका भातलावणीला आठवडाभर रजेवर गेले. आता आली का पंचाईत! मागे लोक उभे, व्हरांड्यात अंधार, भिंग काढायची सोय नाही. माझी ओळ पाचवी. वरून बोटाने पाच ओळी मोजल्या आणि सही ठोकली. अशा चार दिवस चार सह्या केल्या.

नव्या महिन्याच्या पानावर बदलून आलेल्या एका क्लार्कचं नाव वर घातलं गेलंय, हे मला कोण सांगणार? माझी ओळ सहावी झाली होती. पाचव्या ओळीत होते शेजारच्या टेबलावरचे भाऊ. ते वाढवणचे. आई आजारी म्हणून अर्ज देऊन गावी गेले होते.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मस्टर मागवलं. साहेब नवे होते आणि रागाचे पक्के. मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या चार सह्या राहिल्यात, कामाच्या गडबडीत विसरलात वाटतं. करून टाका." मीही गाढवासारखी ते बोट ठेवून दाखवत होते तिथे सह्या करून बाहेर आले. मग मी आधी केलेल्या चार सह्या गेल्या कुठे, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असेल, पण मी तो दाबला असेल. आज खोटं कशाला बोलू?

दुपारी एक कागद जावक क्रमांकासाठी आला. मी नेहमीप्रमाणे आत गेले, फोटो काढला. कानात ती मोबाइलमधली बाई शांतपणे वाचू लागली. कारणे दाखवा नोटीस. रजेवर असताना दुसऱ्याकडून मस्टरवर सह्या करवून घेतल्याबद्दल. नाव भाऊंचं. हा माणूस तिकडे आईच्या उशाशी बसलेला, आणि माझ्या लपवाछपवीपायी त्याच्या नावावर डाग. वर त्या नोटिशीला क्रमांक घालायचा तोही मीच!

क्रमांक घातला नाही. कागद तसाच हातात घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. पंखा चालू होता. थांबले असते तर धीर सुटला असता, म्हणून एका दमात सगळं बोलून टाकलं. मला दिसत नाही, दोन वर्षं लपवलं, सह्या माझ्या आहेत, भाऊंचा काही संबंध नाही. समोरून हूं नाही की चूं नाही. मी मुळातच तापट. म्हटलं, "अहो साहेब, एवढं सांगतेय तर काही बोलाल की नाही?"

मागून रजेवरून परतलेल्या काकांचा आवाज आला, "ताई, साहेब हात धुवायला गेलेत. खुर्ची मोकळी हाय."

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि पुढच्याच क्षणी मनात आलं, बरंच झालं की! कोणी ऐकलं नाही. क्रमांक घालायचा, चारची एसटी पकडायची आणि घरी जायचं. पाय दाराकडे वळलेही होते. काका हसले नाहीत. चहाच्या कपाचा कान त्यांनी माझ्या बोटात दिला आणि हळूच म्हणाले, "बसा. साहेब आले की मी खोकतो."

म्हणजे काकांना सगळं माहीत होतं. पट्टी ते माझ्यासाठीच सरकवत होते आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. मला रडू आलं. पण हातात चहा होता आणि मांडीवर नोटीस, म्हणून बसून राहिले. ती पाच-सात मिनिटं सगळ्या नोकरीपेक्षा लांब वाटली. मग काका खोकले, आणि मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं, कारण या वेळी तिथे नक्की माणूस होता.

साहेब म्हणाले, "दिसत नाही, तर इतके दिवस काम कसं केलंत?"

"रजिस्टर मागवा. एक चूक दाखवा."

त्यांनी खरंच मागवलं. पानं उलटल्याचा आवाज येत होता. "मॅडम, ओळी तिरक्या आहेत."

"तिरक्या असतील. चुकलेल्या नाहीत."

नोटीस त्यांनी तिथेच फाडली. मग आवाज उतरवून, अगदी भल्या मनाने म्हणाले, "वीस वर्षं सेवा झालीय. स्वेच्छानिवृत्ती घ्या. पेन्शन मिळेल, घरी आराम करा." ज्याला दोन वर्षं भ्याले, तेच शेवटी समोर आलं. मी म्हटलं, "डोळे गेलेत, साहेब. अक्कल नाही गेली. बघावं लागणार नाही असं काम द्या." आणि उत्तराची वाट न पाहता माझ्या टेबलाकडे गेले.

भाऊ रुजू झाले त्या दिवशी मी हात जोडून सगळं सांगितलं. भडकलेच ते. "ताई, फोनवर कोणीतरी नोटिशीचं कळवलं, तेव्हापासून झोप नाही मला! एवढं लपवायचं काय होतं त्यात?" दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद आपटला आणि वाचून दाखवला. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, असा नियम होता. अर्ज त्यांनीच टाइप केला. "मला झालेला मनस्ताप फुकट घालवू नका," म्हणाले. तपासण्या, दाखले, हेलपाटे यात बरेच महिने गेले. शिफारस साहेबांनी केली, हेही सांगितलंच पाहिजे. या तिघांचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही, आणि खरं सांगते, फेडायचेही नाहीत मला. ते अंगावर असलेले बरे वाटतात.

मला मदत कक्षाची खुर्ची मिळाली. पहिल्याच आठवड्यात झरीकडच्या एका पाड्यावरची म्हातारी आली. पाड्यावरची माणसं साहेबालाही तूच म्हणतात. माझ्यासमोर कागद सरकवून म्हणाली, "हे वाच."

"आजी, मला दिसत नाही." आता ही दुसऱ्या टेबलाकडे जाणार, म्हणून मी अंग चोरून बसले.

"मला पण वाचता नाय येत," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

मी इयरफोन काढून ठेवला आणि मोबाइल कागदावर धरला. दोघींनी मिळून ऐकलं. तिने पुन्हा लावायला लावलं. कोणता दाखला कमी आहे, तो कुठल्या खिडकीवर मिळेल, हे मी तिला तिच्या बोलीत, मोडकंतोडकं का होईना, समजावलं. कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "तू रोज असते इथं?"

"असते."

"मग तुझ्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसू देऊ नको. मी बाजाराच्या दिवशी येते परत."

मी "बरं" म्हणाले. रांगेतला पुढचा माणूस समोर येऊन बसला होता. खुर्ची पुढे ओढून मी त्याला म्हटलं, "बोला."