पायाच्या खड्ड्यातला खंडोबा

आज लिफ्टचं बटण दाबलं आणि बोटाला भंडारा लागला. हळदीच्या त्या कोरड्या वासासरशी मी पुन्हा इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगच्या पायाच्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहिले.

तेव्हा आम्ही सगळे नुसते फ्लॅट बुक केलेले लोक. खड्ड्यात जुन्या देवळाचं घडीव दगडांचं जोतं निघालं होतं. ओल्या मातीत ते इतकं देखणं दिसत होतं की मी म्हटलं, "पुरातत्त्ववाल्यांना कळवूया."

"मॅडम, ते आले की काम बंद. पझेशन विसरा," बिल्डर म्हणाला. लगेच माझे होणारे शेजारी माझ्यावरच खेकसले.

तेवढ्यात एक उभा दगड वर काढला गेला. वरती चंद्रसूर्य, मधे झिजलेली अक्षरं, खाली एक जनावर आणि त्याच्या पायाशी बाई. आमचे आताचे सेक्रेटरी ओरडले, "घोडा आहे! खंडोबाच हा!" बिल्डरने नारळ फोडला, गेटपाशी देऊळ बांधून दिलं आणि जोत्यावर काँक्रीट ओतलं.

पुढे म्युझियममध्ये मी तसाच दगड पाहिला. तो घोडा नव्हे, गाढव. देवळाला दान दिलेली जमीन जो लाटेल त्याला आईवरून घातलेली शिवी अशी दगडात कोरून ठेवत.

सेक्रेटरींना सांगितलं, तर म्हणाले, "काहीही काय बोलताय! दर रविवारी आरती करतो आपण त्याची."

करतात खरे. सगळी सोसायटी रांगेत उभी राहून त्या शिवीला हात जोडते. शिवी बरोबर पत्त्यावर पोचली आहे.