तपासून राहिलो

वाईच्या स्टँडवर एसटी फलाटावरून मागे घ्यायला लागली, तेव्हा कुठे बाबांनी खिशातून पुडी काढली. पिवळ्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं त्यांचं भिंग. घड्याळ दुरुस्त करताना डोळ्याला लावतात ते, काळ्या कडेचं. खिडकीतून ते माझ्या मांडीवर टाकून गाडीबरोबर चार पावलं चालत म्हणाले, "वस्तूला दोनदा विचारायचं. चालतेस का? आणि कशासाठी चालतेस?" आणखी काहीतरी म्हणाले, पण ते गाडीच्या घरघरीत गेलं. आईचं मात्र अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं. "तिकडं तिखट फार खातात, ताक पीत जा!"

तुम्ही सगळे शाळेच्या ग्रुपवर अजून विचारता, "काय गं, तू नागपुरातच?" जे वाईत राहिले ते विचारतात आणि जे दुबई-बंगळूरला गेले तेही विचारतात. जणू तुम्ही गेलात ते जाणं आणि मी आले ते वाट चुकणं. म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. उन्हाळ्याबद्दल काही बोलायचं नाही, ही एकच अट. उन्हाळ्याची थट्टा करायचा हक्क आता फक्त आम्हा नागपूरवाल्यांना आहे.

बाबांनी भिंग दिलं त्याआधी पंधरा दिवस ते माझ्याशी धड बोलत नव्हते. गणपती आळीतल्या त्यांच्या दुकानात मी लहानाची मोठी झाले. स्प्रिंग, दाते, चकत्या यांच्याशी खेळत मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, याचं त्यांना कोण कौतुक! पण नोकरी लागली ती नागपूरजवळच्या एका कारखान्यात. तिथे फ्यूजचे सुटे भाग बनतात. फ्यूज म्हणजे तोफगोळ्याच्या टोकाला बसणारा भाग, गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा. दारूगोळा भरतात दुसरीकडे, आमच्याकडे नुसता धातू. आणि सगळा माल परदेशी जाणारा. बाबा म्हणाले, "आपल्या सैन्याचं असतं तर समजलो असतो. हे विकायचं? कुणाला?" मी म्हणाले, "बाबा, आत घड्याळासारखीच रचना असते." त्यावर ते उठून दुकानात गेले. घड्याळाचा असा अपमान त्यांनी कधी ऐकला नव्हता.

मी आले, कारण पगार बरा होता, काम माझ्या हातचं होतं आणि चोवीस वर्षांच्या मुलीला वाईबाहेर पडायचं होतं. उगाच मोठी कारणं सांगत नाही.

नागपुरात पहिला आठवडा मी बधिर होते. भाषा मराठीच, पण सगळे शब्द हलून बसलेले. "काहून?" म्हणजे का. "मले" म्हणजे मला. घरमालकीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ये वं, लाजून काहून राहिली?" आणि मी बिचारी विचार करत बसले की लाजून झाल्यावर मी नेमकी कुठे राहिले.

कारखान्यात माझ्या हाताखाली, खरं तर मी त्यांच्या हाताखाली, देवरावभाऊ होते. नागपूरजवळच्या खाप्याचे. कन्हान नदीला लागून त्यांची शेती, त्यातून सकाळची गाडी पकडून रोज कारखान्यात. वीस-बावीस वर्षं एकच काम. फ्यूजमधला एक छोटा खटका असतो, तो भिंगातून तपासायचा. कापताना धातूचं केसाएवढं कुसळ राहिलं की खटका अडकतो. मग गोळा पडतो पण फुटत नाही, नुसता जमिनीत रुतून बसतो. भाऊ एकेक खटका बघायचे, पेटी भरली की झाकण लावून सील करायचे. आधीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा पाहणाऱ्या, इंजिनियरने अचानक नोकरी सोडली, म्हणून बाराव्याच दिवशी तपासणीच्या दाखल्यावर सही करायचा अधिकार माझ्याकडे आला. मला फारच भारी वाटलं होतं. नवीन पेन घेतलं होतं.

त्याच सकाळी वीस पेट्यांचा लॉट निघायचा होता. डिस्पॅचवाल्यांनी घाई केली. मी इंटरकॉमवर विचारलं, "भाऊ, लॉटचं काय?"

"तपासून राहिलो ना मॅडम!"

मी वाईची. मला ऐकू आलं ते असं: तपासलं, आणि आता मी राहिलोय, म्हणजे मोकळा बसलोय. 'तपासणी पूर्ण' असं लिहून मी झोकात सही केली. भाऊ चहाला गेले होते तेवढ्यात लोडिंगवाल्यांनी माझी सही बघून उघड्या पेट्यांनाही सील मारलं, वीसच्या वीस पेट्या ट्रकमध्ये चढवल्या, आणि ट्रक गेटबाहेर पडला.

अर्ध्या तासाने भाऊ माझ्या दारात. पुन्हा कामाला बसायला डोळ्याला भिंग लावलेलं. "मॅडम, माह्या आठ पेट्या कोठं गेल्या?"

"गेल्या की. तुम्हीच म्हणालात तपासून राहिलो."

"बाप्पा! काहून पण? मी तं तपासून राहिलो होतो!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राहिलो म्हणजे करतोय. लाजून राहिली म्हणजे लाजतेय. वीसपैकी बाराच पेट्या तपासल्या होत्या, आणि माझ्या सहीने वीस निघाल्या होत्या. एका परक्या देशाकडे, जिथे कुणीतरी ती सही खरी मानणार होतं.

खरं सांगते, पहिला विचार काय आला ते. बारा पेट्यांत एकही खटका बाद निघाला नव्हता. उरलेल्या आठही चांगल्याच असणार. गप्प बसले तर कुणाला कळणार होतं? नोकरीचा बारावा दिवस. परत वाईला जाऊन स्टँडवर उतरायचं, तेही बाबांसमोर, ही कल्पनाच सहन होईना. मी म्हणाले, "भाऊ, आठच पेट्या तर आहेत. चांगल्याच असतील ना?"

भाऊंनी भिंग काढलं, शर्टाला पुसलं. "असतीन बी. पन एखादा अडकला अन् गोळा नाई फुटला, तं थो जाते कोठं मॅडम? हवेत तं राहत नाई. कोनाच्या तरी वावरात पडते. लढाई सरते, सगळे घरी जातेत. मंग एक दिवस थ्या वावरात नांगर लागते."

असं शेतात उभं राहून कुणी मला तोफगोळा दाखवला नव्हता. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "सर, मी चुकीची सही केली. गाडी परत आणायला हवी." साहेब लकडगंजच्या जुन्या लाकूड व्यापाऱ्यांच्या घरातले, कमी बोलणारे. त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. मग माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "आधी गाडी आणा. बाकीचं मंग पाहू."

भाऊंची स्कूटर आणि मागे मी, ओढणी तोंडाला बांधून. मी विचारलं, "पण शोधायचं कुठे?" भाऊ म्हणाले, "गजानन तर्रीपोह्याशिवाय नागपूर सोडत नाई. तुमी फकत धरून बसा." आणि खरंच! रिंग रोडच्या एका टपरीसमोर ट्रक उभा, आणि गजानन दुसरी प्लेट घेऊन, वर लालभडक रस्सा मागून घेत, शांतपणे खाऊन राहिला होता. हो, खाऊन राहिला होता. त्या दिवसापासून हे व्याकरण मी कधीच चुकले नाही.

"फोन काहून नाई उचलला बे?" भाऊ ओरडले.

"गाडी चालवतानी फोन उचलत नाई मी," गजानन म्हणाला. "सेफ्टी!"

मी बाकावर बसले आणि हसायला लागले, हसता हसता रडले. टपरीवाल्याने न विचारता प्लेट पुढे केली. आईची शपथ, ताकाशिवाय खाल्ली.

गाडी परत आली. त्या आठ पेट्या भाऊंनी आणि मी मिळून तपासल्या. ते त्यांच्या भिंगातून, मी बाबांच्या. सतराव्या पेटीतला अख्खा ट्रे अडकणारा निघाला. अकरा खटके, प्रत्येकाला तेच बारीक कुसळ. अकरा खटके म्हणजे अकरा वावरं. मी ते टेबलावर ओळीने मांडले. भाऊ माझ्या पाठीवर हात ठेवून गेले.

साहेबांनी मला काढलं नाही. माझी चूक सगळ्यांसमोर सांगितली, आणि फॉर्म बदलला. आज आमच्या कारखान्याच्या तपासणीच्या कागदावर दोन चौकोन छापलेले आहेत. एकात लिहिलंय 'तपासून झालं' आणि दुसऱ्यात 'तपासून राहिलो'. परदेशी पाहुण्यांना त्याचा अर्थ समजावून सांगताना साहेबांची जी त्रेधा उडते ती बघायला आम्ही मुद्दाम केबिनबाहेर उभे राहतो. आणि मला तर वर्षभर कुणी सोडलं नाही. "मॅडम, चहा पिऊन राहिलो, म्हणजे पिलो नाई बरं का!"

आता बाबांचा दुसरा प्रश्न. कशासाठी चालतेस? तो मी टाळलेला नाही. पूर्वी माल कुठल्या देशाला जातो हे फक्त ऑफिसला माहीत असायचं. आता लॉट सुरू करायच्या आधी भाऊ विचारतात, "कोनाचा माल होय?" आणि मी देशाचं नाव मोठ्याने वाचते, मग आम्ही भिंतीवरच्या नकाशात तो शोधतो. एकदा एक नाव वाचून माझा हात सहीला गेला नाही. त्या सरकारने गोळे कुणावर टाकायला घेतले होते ते रोज बातम्यांत दिसत होतं. साहेब म्हणाले, "परवानगीचा कागद पक्का हाय मॅडम." मी म्हणाले, कागद पक्का आहे, माझं मन नाही. माझ्याऐवजी दुसऱ्याने सही केली आणि माल गेला. मी नोकरी सोडली नाही. याला शौर्य म्हणू नका; नोकरी न सोडल्याची मला लाज वाटते आणि ती लपवायचीही नाही.

मागच्या हिवाळ्यात आईबाबा आले. बाबा कारखान्यात यायला तयार नव्हते, म्हणून रविवारी आम्ही खाप्याला गेलो. भाऊंच्या बायकोने, शोभाकाकूंनी, आईला हात धरून आत नेलं. "या वं माय, दमून गेली असन." अंगणात बाजेवर बाबा आणि भाऊ. दोघांच्या मध्ये संत्र्यांची पाटी, आणि भाऊंचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, जे बाबांनी आल्या आल्या उतरवून घेतलं होतं. बाबांनी माझ्याकडून आपलं भिंग मागून घेतलं होतं, आणि भिंग लावलेले दोन म्हातारे एकाच घड्याळावर वाकले होते. मी फोटो काढला, तो तुम्हाला ग्रुपवर टाकलाय.

चक्रं पुसता पुसता बाबांनी विचारलंच. "भाऊ, इतकी वर्षं हे काम करता. हे कुणाला मारायला जातं, असं मनात येत नाही?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. भाऊ शांतपणे संत्रं सोलत म्हणाले, "येते ना जी. रोज येते. म्हनून तं नीट पाह्यतो. ज्याच्या मनात नाई येत, त्याच्या हाती भिंग देऊ नये."

बाबांनी शेवटचं चक्र जागेवर बसवलं. मग घड्याळाला चावी दिली, कानाशी धरलं. चालू झालं होतं. "म्हणजे दुसरा प्रश्न तुम्ही अजून..." बाबा म्हणायला लागले.

"तपासून राहिलो," भाऊ म्हणाले, आणि बाबा असे हसले की पाटीतली दोन संत्री खाली पडली. पंधरा दिवस अबोला धरणारे माझे बाबा! मला तेव्हा इतका आनंद झाला की मी उगाच उठून ती संत्री वेचत बसले.

आता माझ्या बोलण्यात हे सगळं मिसळलंय. वाईला फोन केला की आई म्हणते, "हे कसलं बोलणं?" परवा तिने जरा दुखऱ्या आवाजातच विचारलं, "खरं सांग, वाई सोडलीसच ना तू?"

मी म्हणाले, "सोडून राहिले गं."

तिकडे आईने माझंच वाक्य पुन्हा म्हटलं आणि हुंदका दिला. मग मागून बाबांचा आवाज आला, खुशीतला, सगळं कळलेल्या माणसाचा. "अगं, रडतेस काय? म्हणजे अजून सोडलेली नाही."