सासू, सून आणि संध्याकाळची प्रार्थना

आमच्या घरात भांडायला बंदी होती, म्हणून आम्ही प्रार्थना करत असू.

सासूबाई नगरकडच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्या लखनौला आमच्याकडे राहायला आल्या, तो सत्तरच्या दशकाचा शेवट. हे एका संशोधन संस्थेत औषधांवर काम करत आणि मी शाळेत शिकवत असे. ख्रिस्ती घरात आवाज चढता कामा नये, हा सासूबाईंचा पहिला नियम. रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, हा दुसरा. आणि कुणी प्रार्थना करत असताना मध्ये बोलायचं नाही, हा तिसरा. हे तीन नियम एका घरात एकत्र नांदले की काय होतं, ते कुठल्याही सुनेला समजावून सांगायला नको.

डोळे मिटले की त्या सुरुवात करत, "हे देवबापा, या घरातल्या बाईला पहाटे उठायची शक्ती दे. तुझा सूर्य बिचारा रोज वेळेवर येतो."

मग माझी पाळी. "हे प्रभो, रात्री उशिरापर्यंत वह्या तपासणाऱ्यांना तू सकाळी जरा विसावा देतोस, त्याबद्दल तुझे उपकार. तो बघून कुणाचं पोट दुखत असेल तर तेही बरं कर."

यांचं काम फक्त 'आमेन' म्हणायचं. आईच्या प्रार्थनेला आणि बायकोच्या प्रार्थनेला ते अगदी एकाच आवाजात आमेन म्हणत. नोकरीत त्यांना बढती उगीच मिळाली नव्हती.

खरं सांगायचं तर मला मजा यायची. सब्जीवाल्या भैयाशी घासाघीस करताना, मटार सोलताना, माझ्या डोक्यात संध्याकाळची वाक्यं शिजत असायची. एखादं चांगलं जमलं की मी एकटीच हसायची आणि भैयाला वाटायचं, बहनजी आज भाव मान गयीं.

एका उन्हाळ्यात मात्र त्यांनी नवंच शस्त्र काढलं. मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी खाटेखाली पिकत होती, घरभर वास सुटला होता, आणि एरवी रोज बायबलातला वेगळा उतारा वाचणाऱ्या सासूबाई रोज एकच स्तोत्र वाचायला लागल्या. त्यात वैरी होते, लबाड जीभ होती, दुसऱ्यासाठी खड्डा खणणारे लोक होते. एकदोन दिवस मी कानाडोळा केला. पण पुन्हा वैरी, पुन्हा जीभ, पुन्हा खड्डा! घरात माणसं तीन. त्यांतल्या एक त्या स्वतः, एक त्यांचा मुलगा. म्हणजे वैरी कोण, हे काढायला गणिताची बाई असायला नको. आणि मी तर गणिताचीच बाई होते. मीही मग सोडलं नाही. "प्रभो, वैऱ्यावर प्रीती करा असं तू सांगितलंस, ते पान काहींच्या शास्त्रातून गळून पडलंय का, एकदा बघ."

तरीही स्तोत्र बदलेना. तेव्हा मी वात्रटपणा केला. दुपारी त्या झोपल्या असताना त्यांच्या शास्त्रातली खुणेची फीत काढली आणि वंशावळीत नेऊन ठेवली. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, पानंच्या पानं नुसती नावं. म्हटलं, आता बसा मोजत.

संध्याकाळी त्यांनी फितीशी पुस्तक उघडलं, चष्मा लावला, पानावरून हात फिरवला आणि खड्या आवाजात सुरू केलं. वैरी, जीभ, खड्डा. कुठेही अडखळल्या नाहीत.

मी मान लांब करून पाहिलं. समोर वंशावळच होती.

बाईंना दिसतच नव्हतं. लहानपणी शाळेत बक्षिसासाठी पाठ केलेलं एक स्तोत्र तेवढं त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि त्याच्यावर त्या दिवस काढत होत्या. आणि मी मेली त्यातले वैरी शोधत बसले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. उजवा डोळा तर फारच पिकला होता; ऑपरेशन लवकर केलं नाही तर तो हातचा जाईल, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "माझा देवावर भरवसा आहे." म्हणजे, ऑपरेशन नाही.

लढाई पुन्हा प्रार्थनेत आली. मी म्हणे, "प्रभो, जन्मभर पेशंटना 'डॉक्टर सांगतात तसं करा' म्हणून दटावणाऱ्या माणसांना स्वतःचे शब्द आठवू देत." त्या म्हणत, "देवबापा, मला आडवं पाडायची काहींना घाई झाली आहे. तू मला उभं ठेव." यांचं आमेन त्या दिवसांत फार बारीक येई.

शेवटी हे चर्चच्या मंडळीतल्या पादरीसाहेबांना घेऊन आले. ते लखनवी नम्रतेनं म्हणाले, "माताजी, खुदावंद डॉक्टर के हाथ से भी तो काम करता है।"

"हाँ पादरीसाहब," सासूबाई म्हणाल्या, "दूसरों को तो मैं भी यही कहती थी।" त्यांची प्रार्थना ऐकून, त्यांना सरबत पाजून, वाटेला लावून, मग मला म्हणाल्या, "दुआ छान केली. जरा लांबली."

पुढच्याच आठवड्यात हे कामासाठी दिल्लीला गेले. संध्याकाळी आम्ही दोघीच. आमेन म्हणायला कुणी नाही. मग सासूबाई बोलायला लागल्या, आणि आवाज नेहमीचा नव्हता.

"देवबापा, मला सुरीची भीती नाही. असले पेशंट मी खूप सांभाळले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. दुसऱ्यानं चमच्यानं भरवायचं, दुसऱ्यानं बेडपॅन द्यायचं. मी सगळ्यांचं केलं. माझं कुणी करावं, हे मला सोसत नाही. त्यातून ही करणार. ही हसेल मला." पुढे त्या म्हणाल्या, "भरवसा, भरवसा म्हणते मी. पण तो भरवसा नाही रे, ताठा आहे. तेवढा माझ्यातून काढ."

त्या दिवशी माझ्याजवळ एक फार सुंदर वाक्य तयार होतं. मी ते गिळलं.

"देवबापा, मी नाही हसणार," एवढंच मी म्हटलं. मग देवाशी खोटं नको, म्हणून पुढे जोडलं, "निदान दवाखान्यात तरी नाही."

समोरून फुस्स असा आवाज आला. सासूबाई हसल्या होत्या. आमेन आम्ही दोघींनी बरोबरच म्हटलं.

तो डोळा पुढे चांगला आला. जाड भिंगाचा चष्मा लागला आणि माझ्या घरातली सगळी जळमटं त्यांना दिसू लागली, हे आत्ताच सांगून टाकते. पण ऑपरेशनच्या दिवशी ते मला कुठे ठाऊक होतं? मी घाबरले होते, चांगलीच घाबरले होते. ही बाई मला हवी होती, हे मला त्या वॉर्डात कळलं.

खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही, अशी ताकीद होती. पट्टी बांधलेल्या सासूबाई उताण्या पडल्या होत्या. मी दलियाचा चमचा पुढे केला. तोंड मिटलेलं. त्यांचा हात सवयीनं वर आला, चमचा स्वतः धरायला. पलीकडून सिस्टर ओरडली, "माताजी, हाथ नीचे!" हात खाली गेला. मला रडू फुटायला आलं, पण त्यांच्यासमोर रडायची आमच्यात पद्धत नव्हती.

"आई, गरम नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं. थोडा दलिया आत गेला, थोडा ओघळला. मी पदरानं हनुवटी पुसली. त्यांचे ओठ हलले, तशी मी वाट बघत राहिले. आता सुनेची तक्रार वर जाणार, 'हे देवबापा' म्हणून.

"आणखी दे," त्या मला म्हणाल्या.