स्वच्छतेचे गुण

काल तपासून झालेली एक वही मिटताना माझी बोटं काळी झाली, आणि त्या लोखंडी वासासरशी मला माझी दहावीची प्रॅक्टिकलची वही आठवली. आम्ही तेव्हा हिंदी मुलखात, कारखान्यांना लागून असलेल्या भनपुरीत राहायचो. बाबा सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीवर होते. धुराची काजळी सकाळी पोळीवर, दुपारी वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि संध्याकाळी माझ्या वहीवर बसायची. बाबांच्याच मॅनेजरची मुलगी माझ्या वर्गात होती. ती धुरापासून लांब, शहरात राहायची, म्हणून तिची वही पांढरीशुभ्र. मॅडमनी माझी वही दोन बोटांत धरून वर्गाला दाखवली. "घर में कोई सफाई नहीं करता क्या?" असं विचारून त्यांनी स्वच्छतेचे दहापैकी चार दिले. घरी सांगितलं, तर आईला ते फार लागलं. "दिवसातून चारदा झाडून राहिली मी, अन् मलेच बोलते?" मी नळावरून पाणी भरून येईपर्यंत तिनं ओल्या फडक्यानं वहीचं पानन् पान पुसून काढलं होतं. शाळा तिनं कधी पाहिलीच नव्हती. वर्षभर शाईनं लिहिलेल्याचे निळे डाग झाले होते. बाबा कामावरून आले, वहीकडे बघितलं आणि आपले काळे हात पाठीमागे नेऊन उभे राहिले. आता मीच मॅडम आहे. हे सगळं मला काल आठवलं खरं, पण तोवर त्या वहीवर मी दहापैकी चार लिहून मोकळी झाले होते.