फॅटच्या मशीनवरचा लाल ठिपका

पंधरा वर्षं लष्करात रडारची दुरुस्ती करून मी हवालदार म्हणून घरी आलो, आणि कोल्हापुरात पाय ठेवल्यापासून सगळ्यांनी मला मेजर करून टाकलं. आमच्याकडे मिलिटरीतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तिकडे तो भाकऱ्या भाजत असला तरी. मीही फारसा विरोध केला नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गावोगावच्या दूध संस्थांत दुधातली फॅट मोजायची विजेवरची मशीनं येऊ लागली होती, आणि ती बिघडली की हात लावायला माणूस मिळत नव्हता. एका दूध संघाने मला मुलाखतीला बोलावलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, "दुधातलं काही कळतं का?" मी म्हटलं, "चहापुरतं." ते हसले आणि सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांनी मला ठेवून घेतलं. काम बरं दिसलं तर कायम, नाहीतर रामराम.

ते मशीन पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी थक्क झालो. चमचाभर दूध, त्यातून जाणारा एका लहानशा दिव्याचा उजेड आणि पलीकडे तो उजेड मोजणारा डोळा, एवढाच कारभार. दुधात स्निग्ध कण जितके जास्त तितका उजेड विखुरतो, आणि काटा सांगतो सहा, सात, साडेसात. इतकी वर्षं मी आभाळात लहरी सोडून विमानांची चाहूल घेत होतो. तीच विद्या इथे म्हशीच्या धारेपाशी येऊन बसली होती. कितीतरी वेळ मी त्याचं झाकण लावलंच नाही.

लष्करात आमची एक शिस्त होती. सेट नीट जुळवून झाला, की जुळवणीच्या स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका द्यायचा. ठिपका फुटला म्हणजे कुणीतरी हात लावला, आणि मग त्या माणसाची खैर नसायची. ही शिस्त सिव्हिलमध्ये आणायची मला भारी हौस. तसली लाख मिळेना, म्हणून महाद्वार रोडवरून नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेतली. दुकानदार म्हणाला, "वहिनींना शोभंल ह्यो रंग." ती बाटली खिशात घालून मी एसटीने तालुकेच्या तालुके फिरलो आणि प्रत्येक मशीनच्या शून्याच्या स्क्रूवर ठिपका देत सुटलो.

गडहिंग्लजच्या पलीकडे, कानडी सुरू व्हायच्या जरा अलीकडे, एक गाव होतं. तिथल्या संस्थेचा सचिवच फॅट काढायचा. चवथीपर्यंत शिकलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. मी ठिपका द्यायला लागलो तसा तो म्हणाला, "मेजर, सकाळच्याला त्यो स्क्रू जरा फिरवाय लागतोय."

"जरा म्हणजे किती?"

तो विचारात पडला. "जरा म्हंजे... जराच की."

मी मोठ्याने हसलो. जरा नावाचं माप मी शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्याला चांगलं खडसावलं, की ठिपका फुटलेला दिसला तर संघाला कळवीन.

महिन्याभराने त्याच गावच्या संस्थेचं पत्र आलं, मशीन तपासून द्यावं म्हणून. कारण एक बाई. गाव तिला आक्का म्हणायचं. दोन म्हशी होत्या तिच्या. पहाटे धारा काढून, संस्थेत दूध घालून ती उसातलं तण खुरपायला, भांगलणीला जायची. इतकी वर्षं तिच्या दुधाला सातच्या वर फॅट लागायची, ती एकाएकी पाचच्या खाली आली होती. म्हशीच्या दुधाला एवढी कमी फॅट म्हणजे पाणी, हे गावाने ठरवून टाकलं होतं. येत्या सोमवारी तिचं दूध बंद करून नाव फळ्यावर लिहायचं, असं संचालक बोलत होते. तिच्या थोरल्या मुलीची सोयरीक चालली होती. पाणी घालणारीच्या घरातली मुलगी कोण करून घेणार?

मी अकराच्या गाडीने पोचलो. मशीन चालू केलं, सचिवाच्या घरी जेवलो, परत येऊन तपासलं. काटा तंतोतंत. ठिपका शाबूत. संचालकांच्या देखत मी सांगितलं, "मशीनमध्ये काही दोष नाही."

आक्का दारातच उभी होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली. तिने तांब्यातल्या दुधाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला आणि हात माझ्यापुढे धरला. थेंब जागचा हलला नाही.

"पावणं, ह्यात पाणी हाय व्हय?"

"बाई, नखावर फॅट मोजत नाहीत."

"मग एकदा सकाळच्याला येऊन बघा की. जेवून आल्यावर समदीच मशीनं बरी चालत्यात."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझ्या मशीनला सकाळ-दुपार कळत नाही. ती म्हणाली, "तर मग ऱ्हावा आज. भाकरी कमी पडायची न्हाय." आणि तिला खोटी पाडायचीच, या एका जिद्दीने मी त्या गावात मुक्काम केला.

पहाटे पाचला मी तिच्या गोठ्यात हजर होतो. तिने चरवी धुतली, माझ्यासमोर पालथी करून झटकली आणि बसली धारेला. मी पोलिसासारखा डोळा लावून उभा. तिथून संस्थेपर्यंत तिच्या बरोबर चाललो. नेहमीप्रमाणे तीच पहिली होती. सचिवाने कुलूप काढलं, मशीनचं बटण दाबलं आणि लगेच तिचं दूध घेतलं. मी त्यातलंच थोडं एका बाटलीत काढून ठेवलं.

काटा चार नऊवर थांबला.

मागे रांग लागली होती. कुणीतरी खाकरलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं. पाण्याचा थेंब पडलेला नाही, हे जगात मी एकट्याने पाहिलं होतं, आणि माझंच मशीन तिला चोर म्हणत होतं.

मी तिला थांबायला सांगितलं. रांग संपायला तास गेला. मग मी तीच बाटली हलवून सचिवाच्या हातात दिली. काटा चढत गेला आणि सात दोनवर थांबला.

थंड मशीन तापेपर्यंत त्याचं शून्य सरकतं. हे मला पाठ होतं. लष्करात अर्धा तास सेट तापवल्याशिवाय आम्ही त्याच्याकडे बघायचोसुद्धा नाही. कालही मशीन तापत ठेवूनच मी जेवायला गेलो होतो, इतकी ती सवय अंगात भिनलेली. सचिवाला यातलं काहीएक कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याने नुसतं काट्याकडे बघून ओळखलं होतं, की सकाळच्या पहिल्या दुधाला स्क्रू जरा फिरवावा लागतो आणि मग हळूहळू परत आणावा लागतो. माझ्या पंधरा वर्षांच्या विद्येएवढं त्याचं ते जरा होतं, आणि मी त्यावर नेलपॉलिश फासलं होतं.

संचालक आले होते. मशीनमध्ये बिघाड होता, काढला, असं म्हणून सुटता आलं असतं. माझे सहा महिने भरत आले होते, घरी खाणारी तोंडं पाच. पण आक्का खुरपं घेऊन उभी होती. मी चाकूने तो ठिपका खरवडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मशीन बरं आहे, सचिव बरोबर होते. चूक माझी आहे. यांच्या दुधात पाणी कधीच नव्हतं."

सचिव दुधाचे थेंब पुसत राहिला.

संघालाही मी तसंच लिहून दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला, सगळ्या गावांतले ठिपके खरवडून यायला सांगितलं, आणि महिन्याने कायम केलं. त्या फेरीत मी पुन्हा त्या गावी गेलो. आक्काच्या मुलीची सोयरीक झाली होती. चहा पिताना सचिव सहज बोलून गेला, "मी आक्काला तिसऱ्याच दिशी सांगितलंतं, तू आपली शेवटाला येत जा, फॅट बरी लागती. पर ऐकली न्हाय."

मी कप खाली ठेवला. महिनाभर ती रोज गावासमोर पहिली उभी राहिली होती, खाली मान घालायला लावणारा आकडा रोज ऐकत होती, आणि सुटायची वाट तिला ठाऊक होती. मी तडक बांधावर गेलो. ती भांगलत होती. मी विचारलं, "आक्का, शेवटाला का नाही गेलात?"

तिने मान वर केली. मी हे विचारावं याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

"मी मागं सरले असते, तर माझं दूध बरं झालं असतं. मशीन न्हवं. मग दुसरी कोन तर पयली उभी ऱ्हायली असती न्हवं?"

आणि ती पुन्हा खाली वाकून पुढची सरी धरून चालू लागली.