काकांच्या लेन्स

डहाणूत माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. गुडघे साथ देईनात, तेव्हा त्यांनी तो बंद केला आणि दोन वर्षांनी फिल्मच्या काळातल्या आपल्या जुन्या लेन्स माझ्या आतेबहिणीला देऊन टाकल्या. मला विचारलंसुद्धा नाही. सुट्टीत स्टुडिओत जायचो मी, लग्नांमध्ये त्यांच्यामागे फ्लॅश धरून उभा राहायचो मी. ती सायवनच्या शाळेत शिकवते. कॅमेराही माझ्यासारखाच, दुकानातला सगळ्यात साधा. मला ते फार लागलं.

त्या लेन्सना ऑटोफोकस नाही. रिंग हाताने फिरवायची, उजेडाचा अंदाज आपणच घ्यायचा. ती कंटाळेल, याची मी वाटच बघत होतो.

मग तलासरीला चुलतभावाचं लग्न झालं. मी धडाधड फोटो काढत सुटलो. ती मांडवाच्या कडेला माझ्या आईशेजारी बसून रिंग फिरवत होती. नंतर घरच्या ग्रुपवर तिचा एक फोटो आला. नवरीकडे बघून हसू आवरणारी आई, तोंडापाशी गेलेला हात, पापणीचा केस न् केस स्पष्ट, मागचा मांडव विरघळलेला. माझ्या प्रत्येक फोटोत आई पासपोर्टला बसल्यासारखी दिसते. बाबांनी तिचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. येईल त्याला आई कौतुकाने सांगायची, "भाचीने काढलाय." मी आतल्या खोलीत निघून जायचो.

शेवटी न राहवून मी तिच्याकडे ती लेन्स मागितली. कासाला जाताना चारोटीला उतरून तिने ती हसत माझ्या हातात दिली. तिने जरा आढेवेढे घेतले असते, तर बरं वाटलं असतं.

आईला चिकूच्या झाडाखाली बसवलं. कधी कान स्पष्ट, कधी पदर, डोळे कधीच नाहीत. आई पुन्हा ताठ बसलेली. मी चिडलो, तेव्हा आई म्हणाली, "लग्नात तिने मला कॅमेरा दिला होता बघायला. रिंग मीच फिरवली. आधी सगळं धूसर, मग एकदम नवरी साफ दिसली. कॅमेरा परत दिला, तरी माझं हसू थांबेना."

इतक्या वर्षांत आईच्या हातात मी कॅमेरा दिला नव्हता.

संध्याकाळी काकांकडे जाऊन सरळ विचारलं, तिलाच का दिल्या. ते म्हणाले, "तिने मागितल्या. मी दोन वर्षं तुझी वाट बघितली. तू म्हणायचास, जुनं सामान काढून टाका."

म्हणालो होतो खरा.

लेन्स परत केली, तेव्हा राहू दे म्हणाली ती. मी नाही ठेवली. मुंबईहून तसलीच एक जुनी मागवली. आता फोटो बरे येतात, आईचाही एक आलाय. तरी ग्रुपवर बहिणीने काढलेला फोटो पडला, की आधी बोटांनी मोठा करतो आणि डोळे जरा तरी धूसर आहेत का, ते शोधतो. बहुतेक वेळा नसतात.